घर घेताना एजंट धरावा का नको? आधी बघा, तुम्ही घेताय काय

मंचर/नारायणगाव : खेड सोडून मंचरकडं निघालं की थेट आळेफाट्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगाला प्लॉटचे फलक लागतात. बंगलो प्लॉट, फार्महाउस प्लॉट, वन बीएचके, टू बीएचके, आणि खाली एक मोबाईल नंबर. हा नंबर जमीनमालकाचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो एजंटाचा निघतो. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्यात सवलत देणारा अध्यादेश निघाला आणि ‘आता गुंठा खुला झाला’ अशी आवई उठली. तेव्हापासून बाजार समितीच्या आवारात म्हणा, लग्नाच्या मांडवात म्हणा, एकच प्रश्न कानावर येतो. घर घ्यायचंय, एजंट धरावा का नको?

विचारणारे कोण, हेही बघायला पाहिजे. मुंबईला, ठाण्याला नोकरीत आयुष्य काढलेला आपला माणूस निवृत्तीनंतर गावाकडं दोन खोल्या शोधतोय. शिक्षक, एसटीतले कर्मचारी, बँकेतली पोरं मंचरला किंवा नारायणगावला फ्लॅट बघतायत. आणि अलीकडं मळ्यात वस्ती करून राहणारी शेतकरी कुटुंबंही बघायला लागलीत, कारण बिबट्या. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लेकरं गेली, लोकांनी मंचरला महामार्ग रोखला. त्यानंतर ‘पोरांना शाळेपुरतं तरी गावात ठेवू’ म्हणणारे बरेच भेटले. ह्या सगळ्यांचा पैसा एकाच प्रकारचा आहे. फंडाचा, टोमॅटोच्या एखाद्या बऱ्या सालाचा, भूसंपादनाच्या मोबदल्याचा. एकदा गेला की परत जमत नाही असा.

आपल्याला मध्यस्थ नवीन नाही. नारायणगावला टोमॅटो आडत्याकडं जातो, ओतूरला कांदा आडत्याकडं जातो, बेल्ह्याच्या बैलबाजारात मध्ये माणूस असल्याशिवाय सौदा जुळत नाही. आडत्यावर राग असला तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. त्याच्याकडं बाजार समितीचा परवाना असतो, वजन आपल्यासमोर होतं, आणि पट्टीवर कपात लिहिलेली असते. २०१६ मध्ये सरकारनं भाजीपाला-फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवा. कारण प्रश्न नुसत्या टक्क्याचा नव्हता. पैसे कोण देतो, त्यावर मधला माणूस कोणाचा हे ठरतं. घराच्या एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारायचा. बाबा, तुला पैसे कोण देणार? आमच्याकडं उत्तर बहुधा ‘दोन्हीकडून’ असं येतं. एक टक्का, दोन टक्के, बोलण्यावर. म्हणजे तो ना तुमचा ना त्याचा, तो सौद्याचा. सौदा मोडला तर त्याला काहीच मिळत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तरी त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही, हे कळायला लागतं.

नवा फ्लॅट असेल तर

नव्या इमारतीतला फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी कायदा बऱ्यापैकी उभा आहे. महारेरा मे २०१७ पासून चालू झालं. नोंदणी झालेल्या प्रकल्पात फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते. नुसती नोंदणी पुरत नाही, आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. हा नियम जानेवारी २०२३ मध्ये आला. ज्यांनी मुदतीत प्रमाणपत्र आणलं नाही अशा जवळपास २०,००० एजंटांची नोंदणी महारेरानं २०२४ मध्ये थांबवली. राज्यातल्या एजंटांचा हा केवढा मोठा वाटा झाला! म्हणून ‘माझ्याकडं रेराचा नंबर आहे’ एवढ्यावर मान हलवू नका. नंबर घ्या, महारेराच्या संकेतस्थळावर टाका, तो आज चालू आहे का बघा. पोरगं दहावीत असलं तरी पाच मिनिटांत बघून देईल. प्रकल्पाच्या जाहिरातीवरही ऑगस्ट २०२३ पासून नंबरासोबत क्यूआर कोड छापायचं बंधन आहे. महामार्गावरचे फलक एकदा त्या नजरेनं बघा.

मात्र इथं एक मेख आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा, किंवा ८ पर्यंतच सदनिका असलेली इमारत महारेराच्या नोंदणीतून सुटते. ५०० चौरस मीटर म्हणजे आपले साधारण ५ गुंठे. मंचर, घोडेगाव, ओतूर, जुन्नर इथं ज्या छोट्या इमारती उभ्या राहतात, त्यांतल्या कितीतरी ह्या मापात बसतात. तिथं ना प्रकल्पाला नोंदणी, ना एजंटाला. अशा ठिकाणी बांधकामाची परवानगी कोणी दिली, नकाशा मंजूर आहे का, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे तिन्ही कागद हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नये. आपले दोन्ही तालुके पीएमआरडीएत नाहीत. त्यामुळं ‘पीएमआरडीए मंजूर’ असं मंचर-जुन्नरच्या प्लॉटबद्दल कोणी सांगितलं, तर तिथंच उठायला हरकत नाही.

नोंदणीकृत प्रकल्पातल्या नव्या फ्लॅटला एजंटाची गरज मला तरी कमी वाटते. बिल्डरचं ऑफिस गावातच असतं, भाव दहा जणांना माहीत असतो, आणि एजंटाचे पैसे बिल्डर देत असल्यानं तो बिल्डरचाच माणूस असतो. सरळ जा, एजंट मध्ये नाही म्हणून तेवढे पैसे कमी करा म्हणा. बिल्डर नेहमी ऐकेल असं नाही, पण पार्किंग, लाइट मीटर असल्या वरच्या खर्चात तरी सूट मिळते. आणि कायदा सांगतो की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. ‘पुढच्या महिन्यात भाव वाढणार, आत्ता अर्धे भरा’ म्हणणारा एजंट असो की बिल्डर, त्याला हे कलम १३ सांगा.

गुंठ्याचा खेळ

खरी पंचाईत गुंठ्यांत आहे, आणि आपल्याकडं माणसं फसतात ती बहुतेक इथंच. शेतजमिनीच्या गुंठ्यात एजंटाला महारेराचा धाक नाही, कारण महारेरा फक्त नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या विक्रीपुरतं. बाकी ठिकाणी कोणीही उठून एजंट होतो. काल ट्रॅक्टर चालवत होता, परवा पतसंस्थेची वसुली करत होता, आज ‘लँड डेव्हलपर’. त्यात चांगली माणसंही आहेत, पण त्यांना परवाना नाही, रजिस्टर नाही, आणि तक्रार करायला जागा नाही.

आधी अध्यादेशाचं बघू. ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्याखालचा तुकडा शेतजमीन म्हणून विकता येत नाही. घरकुल, विहीर, शेतरस्ता अशा कारणांना वेगळी परवानगी मिळते, ते सोडा. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं जी सवलत दिली, ती १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ ह्या काळात झालेल्या जुन्या व्यवहारांना दिली. तीही शहरी हद्दीतल्या, किंवा प्रादेशिक योजनेत रहिवासासारख्या बिगरशेती वापराला दाखवलेल्या जागांना. असे व्यवहार आता दंड न भरता नियमित होतात, आणि ज्यांचं घर पंधरा-वीस वर्षं नोटरीवर उभं आहे त्यांना खरोखर दिलासा आहे. पण ह्याचा अर्थ आज शेती झोनमधल्या उसाच्या फडातून कोणीही तीन गुंठे कापून विकावेत, असा नाही. एजंट अध्यादेशाचा पहिला अर्धा भाग सांगतो. दुसरा अर्धा तुम्ही नगररचना विभागाच्या झोन दाखल्यावर वाचायचा.

मग हे गुंठे विकले कसे जातात? एक वाट ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करायची. नोटरीमुळं मालकी येत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. दुसरी वाट जास्त फसवी आहे, कारण ती दिसायला कायदेशीर आहे. पाच-सहा जणांनी मिळून ११ गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं. सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर लागतात, माणूस खूष होतो. पण ते क्षेत्र सामाईक राहतं. तुमचे दोन गुंठे रस्त्याकडचे की ओढ्याकडचे, हे एजंटानं चुन्यानं मारलेल्या रेघेवर ठरलेलं असतं. त्या रेघेला कागदावर आधार नाही. बँक कर्ज देत नाही. विकायचं म्हटलं तर बाकीचे सह्या द्यायला यायला पाहिजेत. त्यातला एक जण वारला की त्याचे वारस आले. शिवाय शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याच्या कलम ६३ नं बिगरशेतकऱ्याला तशी परवानगीशिवाय घेता येत नाही. मुंबईकर पाहुण्याचा गावचा सातबारा वडिलांच्या नावावरून काकांच्याच नावावर राहिला असेल, तर पहिली अडचण तिथंच येते.

आमच्या बाजूच्या एका गावात असे गुंठे घेतलेल्या चौघांनी घरं बांधली. पाचव्यानं बांधकाम काढलं तेव्हा मूळ मालकाची बहीण उभी राहिली. तिचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलंच नव्हतं, आणि हक्कसोडही झालेलं नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो जन्मानं असल्याचं स्पष्ट केलं. एजंटानं तोवर कमिशन घेऊन चारचाकी घेतलेली. तो म्हणतो, मी फक्त गाठ घालून दिली. आणि कागदावर बघितलं तर त्याचं खरंच आहे, कारण त्याची सही कुठंच नाही.

बिगरशेतीचे नियम अलीकडं सैल होत चाललेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला तर बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही, ठरलेली रक्कम भरली की झालं. तरीही प्लॉट घेताना मंजूर रेखांकन मागायचंच. रेखांकन मंजूर असलं तर रस्ता, मोकळी जागा, प्लॉटचा नंबर सगळं नकाशावर येतं. ५०० चौरस मीटरच्या पुढं असलं तर महारेराचा नंबरही लागतो, आणि मग एजंटही नोंदणीकृत लागतो. म्हणजे गुंठ्याचा खरेदीदार एकदम फ्लॅटवाल्याच्या पंगतीला जाऊन बसतो. थोडं महाग पडतं, पडू द्या.

एजंट की विक्रेता?

आणखी एक प्रकार नीट समजून घ्या. पुष्कळ एजंट शेतकऱ्याला थोडा विसार देतात, तीन-चार महिन्यांची मुदत घेतात, आणि तेवढ्या काळात गिऱ्हाईक शोधतात. समजा, शेतकऱ्याला गुंठ्यामागं ६ लाख ठरले आणि तुम्हाला ८ लाख सांगितले. तीन गुंठ्यांत मधला फरक ६ लाखांचा. २४ लाखांवर दोन टक्के कमिशन घेतलं असतं तर ४८,००० झाले असते. हा माणूस कमिशनवाला नाही, तो स्वतःच विक्रेता आहे. पण तुम्हाला मात्र ‘मी तुमच्यासाठी भाव पाडून आणला’ म्हणतो. ओळखायची खूण एकच. मालकाची आणि तुमची समोरासमोर गाठ घालायला तो टाळाटाळ करतो. ‘मालक जरा तऱ्हेवाईक आहे, तुम्ही बोलू नका’ हे वाक्य ऐकलं की समजायचं. कुलमुखत्यारपत्र दाखवून स्वतःच सही करणार म्हणाला, तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा जिवंत आहे का, दोन्ही विचारा. मालक वारला की सहसा मुखत्यारपत्रही संपतं.

रेल्वेचंही असंच. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे मंचर-नारायणगाववरून जाणार म्हणून आपल्याकडं कितीतरी प्लॉट ‘स्टेशनपासून दोन किलोमीटर’ सांगून विकले गेले. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामाला अडथळा येईल म्हणून तो मार्ग सोडावा लागल्याचं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलंय. स्टेशन राहिलं बाजूला. आता तीच माणसं औद्योगिक महामार्गाचं नाव घेतात. त्याला तर आपल्याच शेतकऱ्यांनी विरोध केला होता. जे उभं नाही त्याचे पैसे देऊ नयेत, ह्यापलीकडं त्यावर बोलण्यासारखं नाही.

पश्चिम पट्ट्यात, म्हणजे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरकडं, किंवा जुन्नरच्या आदिवासी गावांत, फार्महाउसची जागा दाखवणारे एजंट पुण्या-मुंबईच्या माणसाला गाठतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ‘नावावर राहू दे त्याच्या, ताबा तुमचा’ हा व्यवहार नाही, आणि त्यात आदिवासी कुटुंबाचंही वाटोळं होतं. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी, वतनाच्या, देवस्थान इनामाच्या जमिनी ह्यांचंही सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा इतर हक्कातला शेरा बघून मगच पुढं बोलायचं.

मग एजंट कशाला लागतो?

लागतो. गावात कोण विकणार आहे हे फलकावर लिहिलेलं नसतं. जुन्नर पेठेतला एखादा जुना वाडा सात वारसांचा असतो. एक सुरतला, एक कल्याणला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ह्या सातांना एका दिवशी एका छताखाली, दुय्यम निबंधकासमोर, आधार कार्डासकट उभं करणं हे वकिलाचं काम नाही, बिल्डरचंही नाही. ते काम गावातला जाणता एजंट करतो, आणि त्याचे दोन टक्के त्यानं घाम गाळून मिळवलेले असतात. कुठल्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं, कुठल्या रस्त्यावर भावकीचा वाद आहे, कुठं पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, हे त्याला माहीत असतं. मुंबईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला असा माणूस धरल्यावाचून गत्यंतर नाही. नातेवाईकाकडून किंवा शेजाऱ्याकडून घर घेणाऱ्याला मात्र एजंट कशाला? तिथं एक वकील पुरे.

म्हणून माझं मत असं आहे की एजंट शोधायला आणि जुळवायला घ्यावा, कागद तपासायला घेऊ नये. कागद वेगळ्या माणसानं तपासावेत, ज्याला सौदा झाला काय आणि मोडला काय, सारखीच फी मिळते. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. वकील एजंटानं आणलेला नको, तुमचा पाहिजे. सातबारा, फेरफार, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणातल्या जुन्या घरांचे सौदे वर्षानुवर्षं नमुना ८ वर झाले, आता स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतायत, तिच्यावर कोणाचं नाव आलंय ते बघून मगच विसार द्या. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी झाल्या. ज्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, तिथं आधी वारसनोंद होऊ द्यावी. शंका असेल तर भूमी अभिलेखची मोजणी मागा, फी भरा, वेळ लागला तर लागू द्या.

ज्याला कर्ज नको आहे त्यानंही एकदा बँकेत फाइल नेऊन बघावी. बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा दोघं कागद उघडतात. बँकेनं नाही म्हटलं आणि एजंट लगेच म्हणाला की ‘सोडा, मी पतसंस्थेतून करून देतो’, तर बँकेनं नाही का म्हटलं ते आधी विचारा.

पैशाबाबत दोन गोष्टी. एजंटाच्या हातात व्यवहाराची रक्कम देऊ नका, ती मालकाच्या खात्यात गेली पाहिजे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यावर रोख घेण्याला आयकर कायद्यानं बंदी आहे. कागदावर कमी दाखवून वरचे रोख देण्याचा सल्ला एजंट हमखास देतो. उद्या सौदा फिसकटला तर कोर्टात तुम्ही तेवढेच दिलेत, जेवढे कागदावर आहेत. दुसरं, रजिस्ट्रीचा खर्च. नोंदणी फी १ टक्का, आणि कितीही मोठा व्यवहार असला तरी ३०,००० च्या वर नाही. मुद्रांक शुल्क ऑनलाइन चलनानं भरलं जातं, त्याची पावती तुमच्या नावानं निघते. एकट्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत आहे, हे बऱ्याच एजंटांना आठवत नाही. ‘ऑफिस खर्च’ म्हणून जो आकडा सांगतात, त्यातून चलन वजा करून उरलं काय, हे विचारायला लाजू नका.

कमिशन आधी ठरवा, टक्का, कोण देणार आणि कधी देणार, तिन्ही कागदावर. सगळं खरेदीखताच्या दिवशी देऊन टाकू नका, अर्धं द्या. खरेदीखतानंतर ग्राम महसूल अधिकारी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटिसा काढतो, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत येते ती ह्याच पंधरा दिवसांत, आणि एजंटाचा फोन बंद लागतो तोही ह्याच पंधरा दिवसांत. उरलेलं अर्धं कमिशन नोंद मंजूर झालेला उतारा हातात आल्यावर द्यायचं. जो एजंट ह्याला तयार होत नाही, त्याला बहुधा त्या सातबाऱ्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते.